चाकांना वाट, पायांना अटकाव

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर चित्रकलेची पदविका, एवढेच. गेली वीस वर्षे दर जूनमध्ये नव्या वर्गाला मी पहिला विषय देतो तो डोंगराचा. आणि वीस वर्षे माझ्या टेबलावर एकच चित्र येऊन पडते. कागदाच्या मधोमध दोन त्रिकोण, त्यांच्या बेचक्यातून वर आलेला अर्धा सूर्य, त्याला दातेरी किरण, खाली नागमोडी नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. मुले आहेत रावेर-यावलकडची. त्यांच्या घराच्या धाब्यावर उभे राहिले की उत्तरेला आडवा पसरलेला सातपुडा डोळ्यांत भरतो. तो त्रिकोणी नाही. तापी आणि नर्मदा यांच्यामध्ये कोणी लांबलचक निळी भिंत घालावी आणि तिचा माथा करवतीने सपाट कापावा, तसा तो आहे. त्याच्या आडून सूर्य उगवत नाही, कारण तो उत्तरेला आहे. नारळ तर गावात शोधूनच काढावा लागेल. तरी मूल खिडकीबाहेर पाहत नाही. मान खाली घालून त्रिकोण काढते.

मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरांतून तरी डोंगर चढून आलेली माणसे किती निघतील? मनालीला जाऊन आलेली निघतील, उटीला गेलेली निघतील. केळीचा भाव बरा लागला त्या वर्षी थायलंडला जाऊन आलेलेही दोघेतिघे मला ठाऊक आहेत. परंतु गावापासून पंधरावीस किलोमीटरवर जो डोंगर बसला आहे त्याच्या अंगाखांद्यावर एक दिवस चालून आलेला माणूस मिळणे कठीण. "असे कसे म्हणता? आम्ही पालला जाऊन आलो की!" असे सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात. पाल हे रावेर तालुक्यातले डोंगरातले गाव. थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची ख्याती आहे आणि यावल अभयारण्याचा तो परिसर आहे. कसे गेलात? गाडीने. काय पाहिलेत? धरण. मग? मग जेवलो, फोटो काढले आणि आलो. वाटेत झाडे कोणती होती? यावर गृहस्थ हसतात. हा काय प्रश्न झाला!

आता यापुढचा एक प्रकार निघाला आहे. त्याला कॅम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी जो प्रवास करायचा त्याला रोड ट्रिप. जळगावाहून, धुळ्याहून, इंदूरहून उंच चाकांच्या तीनचार गाड्या निघतात. टपावर तंबूंच्या गुंडाळ्या, मागे घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी आणि एक काळा डबा, ज्यातून गाणे वाजते. नदीच्या पात्रालगत एखादे मोठे झाड पाहून गाड्या थांबतात. तंबू ठोकले जातात. पाणी आणायला आणि सरपण गोळा करायला जवळच्या पाड्यावरचे एखादे पोर शेदोनशे रुपयांवर मिळते. त्याचे नाव कोणी विचारीत नाही, "ए छोटू" एवढ्यावर भागते. रात्री शेकोटी पेटते, डबा वाजतो, दरीतून त्याचा प्रतिध्वनी येतो आणि त्या प्रतिध्वनीचेही चित्रण होते. सकाळी गाड्या निघून जातात. मागे अर्धवट जळालेला ओंडका, चांदीच्या कागदाच्या पत्रावळी आणि त्या पोराच्या हातात दोन नोटा राहतात. या मंडळींना कोणी विचारले तर ती अगदी प्रामाणिकपणे सांगतील की आम्ही रात्रभर निसर्गाच्या सान्निध्यात होतो. मी म्हणतो, ती रात्रभर आपल्याच सान्निध्यात होती. दिवाणखाना उचलून नदीत नेऊन ठेवला, एवढाच काय तो फरक.

त्यांच्यावर माझा फारसा राग नाही, हेही सांगून टाकतो. ज्या माणसाला लहानपणी कोणी डोंगरावर चालवत नेले नाही, तो मोठेपणी डोंगरावर गेला तर दुसरे करणार काय? तो आपल्याला येते ते करतो. माझा राग आहे तो त्या व्यवस्थेवर, जिने चाकांना वाट दिली आणि पायांना अटकाव केला.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या बत्तीस मुलामुलींना दोन दिवस पायी डोंगरात न्यावे, असे माझ्या मनाने घेतले. पालकांची संमतिपत्रे घेतली, मुख्याध्यापकांची सही घेतली, दोन शिक्षिका बरोबर यायला तयार झाल्या. कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी आणि शेंगदाणे असा शिधा ठरला. अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. कोणत्या अभयारण्याची कचेरी हे सांगत नाही, कारण माझे भांडण एका कारकुनाशी नाही. छापील अर्जात 'वाहन क्रमांक' असा रकाना होता. मी तेथे आडवी रेघ मारली.

"गुरुजी, गाडीचा नंबर राहिला."

"गाडी नाही. मुले पायी जाणार आहेत."

"पायी?" त्याने पेन खाली ठेवले. "मग पावती कशाची फाडू?"

प्रश्न बिनतोड होता. आतून साहेब आले. भले गृहस्थ, मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "गुरुजी, बस करा ना एक. मुलांना बसमधूनच सगळे दाखवता येईल. खाली उतरायची गरजच काय?" मी चहा प्यायलो आणि बाहेर आलो. फाटकाशी तीन गाड्या उभ्या होत्या, टपावर तंबू. पावत्या फाटल्या, दांडा वर गेला, गाड्या आत गेल्या. माझी बत्तीस मुले त्या वर्षी बसने एका वॉटर पार्कला गेली.

त्यानंतर मी कायद्याचे पुस्तकच मिळवून वाचले. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 सालचा. त्याच्या 27 व्या कलमात अभयारण्यात परवान्याशिवाय कोणी शिरावे, याची यादी आहे. कामावरचा सरकारी नोकर, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, अशा सर्वांबरोबर त्या यादीत आणखी एक मनुष्य आहे : सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्यातून आरपार जाणारा. त्याला कोणी विचारायचे नाही. 28 व्या कलमात परवाना कशासाठी द्यावा ते सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. कायदा करणाऱ्यांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे बंदूकवाला आणि कुऱ्हाडवाला होता, आणि तो पायी येतो अशी त्यांची समजूत होती. पण परिणाम काय झाला? हमरस्त्यावरचा ट्रक निर्धास्त आणि पायवाटेवरचे पोर गुन्हेगार! पर्यटन म्हणजे काय हे कायद्याने सांगितले नाही. ते ठरवले पावतीपुस्तकाने, आणि पावतीपुस्तकाला चाकेच तेवढी मोजता येतात.

याहून जुना, 1927 चा भारतीय वन कायदा इंग्रजांनी केला. जंगल सरकारजमा करण्यात त्यांनी हयगय केली नाही हे जगजाहीर आहे. पण त्या कायद्याच्या 25 व्या कलमात एक गंमत आहे. राखीव जंगलातली वाट वनाधिकाऱ्याला बंद करता येते. मात्र तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. परक्या राज्यकर्त्यालाही एवढे कळत होते की वाट ही कोणाची तरी असते. आमच्या डोंगरातल्या जुन्या पायवाटा कोणी हुकूम काढून बंद केल्या असे झालेले नाही. त्या फक्त नकाशावरून पुसल्या गेल्या. कागदावर नाही ती वाट नाहीच, आणि नसलेल्या वाटेवर चालणारा हा उघडच संशयित.

त्या वाटा कोणाच्या होत्या, हे सांगायलाच हवे. पावरा, भिल्ल, तडवी, कोरकू यांच्या. चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचायला जाणारी बाई त्या वाटेने जाते. तेंदूपाने, चारोळी, सालईचा डिंक, सगळे त्या वाटेने खाली येते. लग्नाचे बोलावणे आणि आजाऱ्याची झोळीही त्याच वाटेने. 2006 साली वनहक्कांचा कायदा झाला आणि जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर झालेला अन्याय ऐतिहासिक आहे, असे खुद्द त्या कायद्याच्या उद्देशिकेतच कबूल केले गेले. तरीही डोक्यावर मोळी घेतलेल्या पावरा बाईला हटकले जाते आणि काळ्या काचांच्या गाडीला सलाम ठोकला जातो, हे दृश्य ज्याने पाहिले नाही तो सातपुड्यात गेला नाही असे खुशाल समजावे. मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही कोरकूंची गावे या शतकाच्या आरंभी वाघासाठी बाहेर आणली गेली. वाघासाठी आणली असतील तर मी मुकाट्याने मान लववीन. पण जेथून माणसे उठवली त्या मुलखात जीपगाड्यांची रांग लागावी, हे वाघासाठी खासच नसावे.

आता कोणी म्हणेल, खानदेशी माणूस चालणारा नाहीच. त्याला गाडीच हवी, मग मास्तर कशाला गळा काढतात? हे साफ खोटे आहे. दर वर्षी मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईची पालखी पंढरपूरला निघते ती महिनाभर चालते. चैत्रात, जेव्हा जळगाव-धुळ्याच्या उन्हात कावळासुद्धा सावली सोडीत नाही, तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेने सप्तशृंगीच्या गडाकडे जाणाऱ्या पोरांच्या झुंडी पाहाव्यात. पायाला फोड आलेले, डोक्यावर ओले फडके, पण चालणे थांबत नाही.

आणि हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्याच सुमारास अस्तंभ्याची यात्रा भरते. अस्तंभा हे सातपुड्याचे तेराशे मीटरांहून उंच शिखर. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते; 1 जुलै 1998 ला जिल्हा तोडून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हापासून तिकडे गेले. लोक अशी श्रद्धा बाळगतात की चिरंजीव अश्वत्थामा कपाळाची जखम घेऊन या डोंगरात हिंडतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो. धनत्रयोदशीला हजारो तरुण पायी वर चढतात. रात्री बॅटऱ्यांच्या उजेडाची ओळ डोंगराच्या अंगावरून सरकते. वर जाऊन दगडाला हात लावायचा, दर्शन घ्यायचे आणि उतरायचे. यांना कोणी ट्रेकिंग शिकवले नाही, कोणी पाठपिशव्या विकल्या नाहीत. शंभर खानदेशी घरांत विचारा, एखाद्या घरात तरी "आमचे आबा अस्तंभ्याला जाऊन आले होते" असे निघते. 2025 च्या दिवाळीत या यात्रेहून परतणारी एक पिकअप गाडी चांदसैली घाटात उलटली आणि डोंगर चढून-उतरून सुखरूप खाली आलेली तरणी पोरे त्यात गेली. डोंगरात पायी हिंडणे धोक्याचे असते, असे जे मला समजावतात त्यांना ही बातमी मी दाखवतो.

चालून काय मिळते, असा खरा प्रश्न आहे. मला उपदेश करायचा नाही. एक उदाहरण देतो. केळीच्या बागांतून उत्तरेकडे निघालो की डोंगराच्या पायथ्याशी एक पट्टा लागतो. तेथे माती संपते आणि गोटे, वाळू, भरड यांचे जाड थर सुरू होतात. डोंगरातून सुकी, मोर, अनेर अशा नद्या उड्या मारीत येतात आणि या पट्ट्यात शिरल्या की त्यांचे पाणी जमिनीत मुरते. वरच्या अंगाला घोट्याएवढे पाणी आणि अर्ध्या तासाच्या चालीवर खाली कोरडे पात्र! भूगर्भशास्त्रात या पट्ट्याला बझाडा म्हणतात. सातपुड्याची ही नैसर्गिक पाणपेटी आहे, आणि त्याच पाण्यावर रावेर-यावलच्या विहिरी आणि ज्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले ती जळगावची केळी उभी आहे. विहिरी खोल खोल चालल्या, बोअर कोरडे पडू लागले म्हणून माझ्या मुलांचे बाप चावडीवर बसून हळहळतात. पण पाणी नाहीसे होते ती जागा त्यांच्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? गाडीतून ती दिसत नाही. गाडीला पुलावरून खाली फक्त दगड दिसतात. जो पात्रातून चालतो त्याच्याच पायाला कळते की आता ओले संपले, आता कोरडे सुरू झाले. आणि तो तसाच वर चढत गेला की पुढचेही कळते : जेथे अंजन, सालई, धावडा दाट आहेत तेथे ओढा मार्गशीर्षापर्यंत बोलतो, आणि जेथे उतार उघडाबोडका झाला तेथे पावसाचे पाणी पावसाबरोबरच निघून जाते. हा धडा मी फळ्यावर दहादा काढून दाखवला आहे. त्याचा उपयोग त्या त्रिकोणांएवढाच.

झाडांचेही तसेच. अंजनाचे पान दोन दलांचे, फुलपाखराने पंख पसरावेत तसे. सालईची साल कागदासारखी सुटते आणि तिच्या डिंकाला धुपाचा वास येतो. मी चित्रकार माणूस; ताशी साठच्या वेगाने अंजनाचे पान कसे काढायचे ते मला सांगा.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि सगळेच खोटे नाहीत. बिबट्या आहे, अस्वल आहे. अस्वलाची भीती मला स्वतःला वाटते. म्हणून वाटाड्याशिवाय, पहाटे-संध्याकाळी, दाट झाडीतून मुले नेऊ नयेत, हे मला कबूल. वाघाच्या मुख्य क्षेत्रात, ताडोब्यात किंवा मेळघाटातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानात, माणसे पायी सोडा असे मी म्हणतच नाही. मुक्ताईनगरकडच्या वढोदा वनक्षेत्रात वाघाचा वावर आहे. तेथून आम्हांला लांब ठेवा, आमची तक्रार नाही. पण खानदेशातला सगळा डोंगर म्हणजे वाघाची गुहा नव्हे. जेथे मोटारीला रात्री तंबू ठोकू देतात, तेथे दिवसा मुलाला चालू द्यायला बिबट्याची आडकाठी कशी येते?

दुसरे म्हणतात, लोकांना आत सोडले की जंगल उजाड होते. मग बंद ठेवून काय झाले ते पाहू. यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर. अर्धशतकाहून अधिक काळ त्यावर अभयारण्याची पाटी आहे. त्या पाटीच्या आड झाडे तुटली, उतारच्या उतार नांगरले गेले, सागवान गेले. काही नांगर भुकेने चालले, काही सीमेपलीकडून आले, काहींना खालच्या गावातल्या पैशाने बैल पुरवले. या वादात आज शिरत नाही, त्यासाठी वेगळा लेख हवा. पण सागाचा सोट कोणी खांद्यावर टाकून धुळ्याला चालत नेत नाही. तो चाकांवरूनच जातो. त्या दिवशी त्या वाटेने शाळेची तीस मुले आणि एक तिरसट मास्तर जात असते, तर निदान कोणी पाहिले असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो. वनहक्कांच्या कामात आयुष्य घातलेले माझे एक स्नेही म्हणतात, "मास्तर, तुम्ही गाडीने या नाहीतर पायी या, शेवटी पाहुणेच. आज तुमची मुले येतील, उद्या त्यांच्यामागून कंपनी येईल आणि पायवाटेला तिकीट लावील." हे भय खोटे नाही. माझे म्हणणे इतकेच की वाट कोठून जावी, किती माणसांनी जावे, कोणत्या महिन्यात जाऊ नये आणि वाटाड्याची मजुरी काय, हे त्या पाड्याच्या ग्रामसभेने ठरवावे; आणि ती नाही म्हणाली तर नाही. पाहुण्याने दारातून यावे आणि विचारून यावे. सध्या तो न विचारता अंगणात गाडी लावतो.

हे सगळे आम्ही परदेशांतून शिकलो, असे सांगण्यात येते. काय शिकलो ते पाहा. अमेरिकेने 1872 साली यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान केले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि वस्ती करणाऱ्या तद्देशीय लोकांना दूर सारले गेले; ते पाप त्यांच्या खात्यावर आहेच. 1915 मध्ये मोटारगाड्यांना आत प्रवेश मिळाला आणि तेव्हापासून मोटार, तंबू आणि उद्यान यांची सांगड पडली. पण त्याच यलोस्टोनमध्ये आज नऊशे मैलांहून अधिक पायवाटा आखलेल्या आहेत. ज्याला चालायचे आहे त्याला नकाशा मिळतो, मुक्कामाची जागा नेमून मिळते आणि अस्वल दिसले तर काय करावे ते सांगितले जाते. आम्ही त्यांची मोटार घेतली, तंबू घेतला, बर्फाची पेटी घेतली. नऊशे मैल तेवढे घ्यायचे राहिले.

इंग्लंडची गोष्ट आणखी वेगळी. मँचेस्टरच्या गिरण्या आणि कारखान्यांतील कामगारांना सुटीच्या दिवशी जवळच्या डोंगरावर फिरायला जायचे असे. पण डोंगर जमीनदारांचे आणि शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेले. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो तरुण ठरवून किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना कैद झाली. पुढे 1949 मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला आणि 1951 मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले ते नेमके त्याच डोंगराळ भागात. त्यांच्याकडे राष्ट्रीय उद्यान चालणाऱ्यांनी तुरुंगात जाऊन मिळवले. आमच्याकडे उद्यान आधी झाले आणि चालणाऱ्याची आठवण अजून झालेली नाही.

आणि परदेशाकडे तरी कशाला जायचे? खानदेशच्या दक्षिण टोकाला, चाळीसगावच्या डोंगरात, गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. 1986 साली जाहीर झाले. त्यातला 'औट्रम' म्हणजे जेम्स आउट्रम, 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी करून खानदेशातल्या भिल्लांचे बंड शमवणारा आणि वाघांच्या शिकारीसाठी गाजलेला साहेब. भिल्लांना काबूत आणणाऱ्याचे आणि वाघ मारणाऱ्याचे नाव वन्यजीवांच्या अभयारण्याला! याचा विनोद कोणाच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही, कारण पाटी गाडीतून वाचायची असते आणि गाडी थांबत नाही.

त्याच डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ उभा केला, त्याचा शके 1128 चा, म्हणजे 1207 च्या सुमाराचा शिलालेख तेथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडला. गणित शिकायला विद्यार्थी या दरीत येत होते. वाहन क्रमांक भरून आले नसावेत. आणि वर कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. पैठणच्या दानशूरांची नावे तेथे कोरलेली आहेत. तेथे सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरून ठेवले आहे. मूर्तीखाली कारागिराचे नाव ही आपल्याकडे किती दुर्मीळ गोष्ट! मी दर वर्षी त्या यक्षाचे छायाचित्र वर्गात फिरवतो. गुबगुबीत पोट, डोक्यावर परडी, आणि चेहऱ्यावर असे हसू की मागच्या बाकावरचे उनाड पोरही हसते. पाटणादेवीपासून पितळखोऱ्यापर्यंत दरीतून चढत जाणे हा आठवीच्या मुलाला गणित, इतिहास, शिल्प आणि झाडे यांचा एका दिवसाचा वर्ग आहे. त्या वाटेवर दोन जाणते वाटाडे, चार दिशादर्शक दगड आणि एक पाण्याचा माठ यांपलीकडे काही लागत नाही. सिमेंटचा रस्ता तर मुळीच लागत नाही. तो करू नये म्हणून मी पायांवर डोके ठेवायला तयार आहे.

माझी मागणी मोठी नाही. पाल, तोरणमाळ, पाटणादेवी, यांपैकी कोठेही एका ऋतूपुरती एक वाट पायी जाणाऱ्या शाळकरी मुलांसाठी खुली करावी. मोटारी आणि रात्रीचे तंबू पायथ्याच्या गावाशी थांबवावेत. त्यातून गावाला दोन पैसे मिळतील ते वेगळेच. आणि अर्जात चाकांचा रकाना आहे तेथे पायांचाही छापावा.

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की मी पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहे. मागची बत्तीस मुले आता कॉलेजात गेली. या वर्षी आठवीत एकोणतीस आहेत. त्यांतल्या सहाजणांचे आजोळ डोंगरातच आहे, आणि त्यांच्यासाठीही मला त्यांच्याच आजोळच्या वाटेची परवानगी मागावी लागेल. वाटाड्या म्हणून त्यांतल्या एकीच्या आजोबांना मी विचारून ठेवले आहे. म्हातारा पावरा, पायांत टायरच्या चपला. मला म्हणाले, "पोरे आणा गुरुजी. पण वाटेवरचे गवत अजून उंच आहे, खाली काय आहे ते दिसत नाही. मार्गशीर्षात या, तोवर मी कापून ठेवतो."